तुम्ही विचारलंत म्हणून : आनंदीबाईंच्या आधी कोण होते?

आनंदीबाई जोशी यांच्यावर कुठेही बोलायला गेले की शेवटी एक प्रश्न हमखास येतो, आणि परवा तुम्हीही तोच विचारलात: त्यांच्या आधी आपल्या देशात बायकांना तपासणारी स्त्री डॉक्टर कोणीच नव्हती का? होती, आणि तिच्याविषयी मला मनापासून सांगावेसे वाटते.

डॉ. क्लारा स्वेन यांचा जन्म १८३४ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात झाला. आधी शाळेत शिकवून, पस्तिशीच्या सुमारास, १८६९ साली त्यांनी फिलाडेल्फियाच्या ज्या वुमन्स मेडिकल कॉलेजची पदवी मिळवली, तेथूनच सतरा वर्षांनी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथातल्या स्त्रियांच्या मिशन संस्थेने स्वेनबाईंना लगोलग भारतात पाठवले आणि २० जानेवारी १८७० रोजी त्या बरेलीला पोहोचल्या.

तिथल्या पडद्यातल्या बायका दुखणे अंगावर काढत, पण परपुरुषाला हात दाखवत नसत. स्वेनबाईंना मात्र जनानखान्याचे दार उघडले. रुग्ण वाढले तशी जागा अपुरी पडू लागली. मिशनला लागून असलेली जमीन रामपूरचे नवाब कल्ब अली खान यांची होती. १८७१ च्या ऑक्टोबरात मिशनची मंडळी ती मागायला बिचकतच गेली, तर नवाबांनी घरासकट सुमारे ४० एकर जागा एक पैसाही न घेता देऊन टाकली. १८७४ साली तिथे स्त्रियांचे रुग्णालय उभे राहिले. आजारी बाईने घरची माणसे सोबत आणावीत आणि आपल्या जातीच्या रीतीप्रमाणे स्वतःची चूल मांडावी, अशी सोय तिथे होती. मला या चुलीचे फार मोल वाटते, कारण सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात तिच्यावाचून कितीतरी बायका उंबरठ्यावरूनच परत गेल्या असत्या.

मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, हे झाकण्याचे कारण नाही. धर्मांतराची हीच शंका लोकांच्या मनात असल्यामुळे आनंदीबाईंनीही हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असे जाहीरपणे सांगूनच १८८३ साली देश सोडला होता.

पण ‘पहिली कोण’ या प्रश्नात एक गोष्ट नेहमी निसटते. बरेलीत येऊन दीड महिनाही झाला नव्हता, तोच स्वेनबाईंनी मिशनच्या अनाथाश्रमातल्या मुलींना वैद्यक शिकवायला सुरुवात केली. त्या वर्गातल्या तेरा जणी १८७३ साली परीक्षा उतरल्या आणि त्यांना नेहमीच्या आजारांवर उपचार करण्याची परवानगी मिळाली. त्यांची पदवी आनंदीबाईंच्या तोलाची नव्हती, हे खरेच. तरी आनंदीबाई आठ वर्षांच्या होत्या तेव्हा या तेरा हिंदुस्थानी मुली रोग्यांची नाडी पाहत होत्या. म्हणून कोणी ‘आधी कोण’ असे विचारले की मी स्वेनबाईंच्या नावापाशी थांबत नाही, या तेरा जणींविषयीही सांगते.