लिलावातली शेवटची सहा सेकंदे

आज पहाटे साडेचारचा गजर लावून उठलो, कारण अमेरिकेतल्या एका ऑनलाइन लिलावाची मुदत आपल्याकडच्या चार वाजून पन्नास मिनिटांनी संपणार होती. लिलावात होती टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या ‘थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स’ या बँडची १९६६ सालची सात इंची रेकॉर्ड, तीही ‘कॉन्टॅक्ट’ या छोट्या कंपनीच्या मूळ लेबलची. तिच्यावरचे गाणे त्याच वर्षी ह्यूस्टनच्या ‘इंटरनॅशनल आर्टिस्ट्स’ने पुन्हा काढले आणि ती आवृत्ती तुलनेने सहज मिळते, गाणे तेच असताना मधल्या कागदी चकतीवरच्या नावासाठी संग्राहक जादा पैसे का मोजतो, हे मी पत्नीला आजवर पटवू शकलेलो नाही.

हा बँड ज्या प्रकारात मोडतो ते गॅरेज रॉक, म्हणजे साठच्या दशकातल्या हौशी तरुण बँडांचे रांगडे रॉक संगीत, वाजवणारी बरीचशी मुले शाळा-कॉलेजातली होती. स्थानिक स्टुडिओत दोन गाणी ध्वनिमुद्रित करायची, काही शे प्रती छापून गावच्या रेडिओ केंद्राला द्यायच्या, उरलेल्या कार्यक्रमांत विकायच्या आणि वर्षभरात बँड मोडायचा. १९७२ मध्ये गिटारवादक आणि संगीत-समीक्षक लेनी के यांनी निवडलेल्या अशा गाण्यांचा ‘नगेट्स’ हा संग्रह आल्यावर अशा रेकॉर्डींचा शोध जोमाने सुरू झाला.

जुन्या लिलावांतल्या किमती आठवडाभर ताडून मी माझी कमाल बोली आधीच नोंदवली होती. यंत्रणा तो आकडा झाकून ठेवते आणि प्रतिस्पर्ध्यापेक्षा फक्त एक पायरी वर चढते, त्यामुळे अंतिम किंमत खरे तर हरणाराच ठरवतो. आज ती मी ठरवली. सहा सेकंद उरले असताना कोणीतरी बोली लावली, आणि मी आकडा टंकत असतानाच पडद्यावर ‘लिलाव संपला’ असे उमटले.