डोळ्यापुढे तरंगणारे ठिपके : माझा अनुभव

लहानपणापासून जाड मायनस नंबरचा चष्मा असल्यामुळे डोळ्यापुढे एखादा पारदर्शक धागा तरंगताना दिसणं मला नवं नव्हतं. पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आभाळाकडे पाहिलं की तो यायचा, नजर वळवली की घसरत निघून जायचा. पन्नाशी उलटल्यावर उजव्या डोळ्यात जे सुरू झालं ते मात्र निराळं होतं. गडद राखाडी, एका बाजूने तुटलेलं कडं एकाएकी नजरेच्या मधोमध आलं, त्याच्याभोवती बारीक ठिपके. संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत डोळा हलवला की बाहेरच्या कडेला उजेडाची कमान चमकून जायची. एकेक डोळा झाकून पाहिलं, तर सगळं उजव्याच डोळ्यात होतं.

नवे ठिपके आणि त्यांच्या जोडीला चमक, हे दिसलं की वाट बघत बसायचं नाही एवढं मला माहीत होतं. डोळ्यांच्या दवाखान्यात फोन करून मी तेवढंच सांगितलं : कोणता डोळा, कधीपासून, ठिपके नवे आहेत, चमकही आहे, नंबर मोठा आहे. लगेच या म्हणाले. नुसतं ‘डोळ्यापुढे ठिपके दिसतात’ असं सांगितलं की पुष्कळदा पुढची कुठली तरी तारीख मिळते, म्हणून हे तपशील आधी सांगावेत.

तपासणीत आधी नंबरचा फलक वाचला, मग डोळ्याचा दाब बघितला, मग बाहुली मोठी करायचे थेंब. ते झोंबतात आणि थोड्या थोड्या वेळाने परत घालतात. बाहुली पुरती मोठी व्हायला अर्धा तास सहज जातो. नंतर काही तास जवळचं वाचता येत नाही, उजेड सोसत नाही आणि गाडी चालवायची नसते, त्यामुळे सोबत कुणीतरी हवं आणि पिशवीत गॉगल हवा.

खरी परीक्षा पुढे होती. हनुवटी टेकवून यंत्रातून पाहून झाल्यावर डॉक्टरांनी मला आडवं झोपवलं, स्वतःच्या कपाळाला दिवा बांधला आणि हातात भिंग धरून एकेक दिशा सांगायला सुरुवात केली. वर बघा, वर उजवीकडे बघा, आता उजवीकडे. त्या त्या वेळी एका बोथट टोकाच्या छोट्या दांडीने ते पापणीवरून डोळा दाबत होते. दुखतं असं म्हणता येणार नाही, पण नकोसं होतं आणि डोळा आपोआप मिटू पाहतो. दाबायचं कारण त्यांनी दाबता दाबताच सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, फट पडते ती बहुतेक वेळा अगदी कडेला, आणि तिथली कड बाहेरून आत ढकलल्याशिवाय नीट दिसत नाही. हे ऐकल्यावर मी डोळा उघडा ठेवायचा मनापासून प्रयत्न केला. उठून बसल्यावर थोडा वेळ समोरची भिंत गुलाबी-जांभळी दिसत होती.

“पडदा शाबूत आहे. जेल सुटलंय, पण पडद्याला फट नाही,” असं ते म्हणाले तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग प्रश्न विचारत सुटले आणि त्यांनीही घाई केली नाही.

डोळ्यातल्या भिंगाच्या मागे डोळ्याची पोकळी साधारण 4 मिलिलिटर जेलने भरलेली असते. त्यात 98 ते 99 टक्के पाणीच असतं. उरलेल्या अंशात कोलॅजेनचे अतिसूक्ष्म तंतू आणि हायलुरॉनिक ॲसिड, आणि त्यांच्या बळावर ते पाणी जेल म्हणून टिकून राहतं. वयानुसार जेल पातळ होत जातं, तंतू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. आपल्याला दिसते ती या पुंजक्यांची पडद्यावर पडलेली सावली. भर उजेडात बाहुली बारीक होते, सावली जास्त रेखीव होते, म्हणून आभाळ किंवा पांढरा स्क्रीन पाहताना ठिपके अधिक जाणवतात. पुढे कधीतरी हे जेल मागच्या पडद्यापासून सुटतं. बहुतेकांच्या बाबतीत हे वाढत्या वयात होतंच. मोठा मायनस नंबर असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा डोळ्याला मार लागला असेल तर लवकर होतं. माझं कडं म्हणजे डोळ्याच्या नसेभोवती चिकटलेला जेलचा गोल भाग, तो सुटून पुढे आला होता. त्याला वाइस रिंग म्हणतात. आणि ती चमक? सुटता सुटता जेल पडद्याला ओढतं. पडद्याला वेदना कळत नाही. ओढलं काय, दाबलं काय, त्याला फक्त उजेड कळतो.

याच ओढीत कधी पडदा फाटतो. अशी लक्षणं अचानक सुरू झालेल्या साधारण दहांतल्या एकाला फट सापडते. ती वेळेत सापडली तर लेझरने तिच्याभोवती डाग देऊन ती बंदिस्त करतात. ते डाग पक्के धरायला दीड-दोन आठवडे लागतात. सापडली नाही तर फटीतून पाणी मागे शिरतं, पडदा सुटू लागतो आणि मग मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नसतं. ठिपके एकदम खूप वाढले, काजळी उडाल्यासारखं दिसलं, चमक वाढली, एका बाजूने सावली सरकत आली किंवा नजर मंदावली, तर त्याच दिवशी या, रात्र काढू नका, असं त्यांनी बजावलं. जेल सुटण्याची क्रिया काही आठवडे चालू राहू शकते, त्यामुळे महिनाभराने पुन्हा तीच तपासणी झाली, दाबण्यासकट. पडदा ठीक होता. चमकही हळूहळू विरळ होत गेली.

कडं मात्र होतं तिथेच होतं. वाचताना ओळ संपवून नजर पुढच्या ओळीवर नेली की ते जरा उशिरा मागून यायचं आणि नेमकं पहिल्या शब्दावर बसायचं. क्षणभर शब्द मळकट व्हायचा, मग कडं पुढे निघून जायचं. पानाच्या प्रत्येक ओळीला हे. फलकावरची सगळ्यांत खालची ओळ मला वाचता येत होती, त्यामुळे ‘नजर उत्तम आहे’ असंच सगळे म्हणत. पांढऱ्यावरची ठळक काळी अक्षरं वाचता येणं आणि फिकटावरचं फिकट नीट दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या ठिपक्यांनी दुसरी कमी होऊ शकते. हा त्रास खरा असतो. तो बोलून दाखवणाऱ्याला ‘मनावर घेऊ नका’ म्हणून गप्प करू नये असं मला फार वाटतं.

उपायांबद्दल मी खोदून विचारलं. ठिपके विरघळवणारे सिद्ध झालेले थेंब किंवा गोळ्या नाहीत. डोळ्यांच्या व्यायामाने ते जात नाहीत. याग नावाच्या लेझरने मोठा पुंजका फोडता येतो, पण तो भिंग आणि पडदा या दोघांपासून पुरेसा लांब असावा लागतो, आणि फरक सगळ्यांनाच जाणवतो असं नाही. व्हिट्रेक्टॉमी या शस्त्रक्रियेत जेलच काढून टाकतात. तिने ठिपके खरोखर जातात, पण पन्नाशीपुढच्या माणसाला त्यानंतर दोनेक वर्षांत मोतीबिंदू होण्याची शक्यता मोठी, शिवाय पडदा सुटण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका. ज्यांचं काम किंवा वाचन खरंच अडलं आहे त्यांनी ती करून घेण्यात काही गैर नाही. शाबूत पडद्यावर हा धोका घ्यावा इतकं माझं अडलं नव्हतं, म्हणून मी थांबायचं ठरवलं.

स्क्रीनची पार्श्वभूमी गडद केली, झगझगाट कमी केला, बाहेर गॉगल वापरू लागले. कडं अगदी मधे आलं की नजर झटकन वर-खाली न्यायची, आतलं पातळ झालेलं जेल ढवळून ते बाजूला सरकतं. सगळ्यांत कामाचं ठरलं ते त्याला शोधणं बंद करणं. सकाळी उठल्या उठल्या छताकडे पाहून ते आहे का बघायची सवय लागली होती. तिच्याऐवजी दिवसातून एकदाच एकेक डोळा झाकून पाहायचं : ठिपके वाढलेत का, कडेला सावली आहे का. बाकी दिवसभर चौकशी नाही. काही महिन्यांत कडं फिकट झालं, बहुधा जेल पडद्यापासून आणखी पुढे सरकल्यामुळे, आणि मेंदूही त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकला. आता आठवण काढली तर दिसतं.

एक सांगायचं राहिलं. निळ्या आभाळात झरझर पळणारे चमकदार सूक्ष्म कण दिसतात ते हे नव्हेत. त्या पडद्याच्या केशवाहिन्यांतून जाणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी असतात आणि त्या निरोगी डोळ्यालाही दिसतात.

डावा डोळा अजून शांत आहे. एका डोळ्यात जेल सुटलं की काही काळाने दुसऱ्यातही बहुधा सुटतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. उजव्याला फट नव्हती म्हणून डाव्याला नसेलच असं धरून चालता येत नाही. तिथे कडं दिसलं की त्याच दिवशी फोन करायचा आणि थेंब, दांडी सगळं पुन्हा पहिल्यापासून करून घ्यायचं.