डेट, पाऊस आणि सैल वेणी

शनिवार रात्र, १२ जुलै

आत्ताच घरी आले, केस अजून वेणीतच आहेत आणि सोडावेसे वाटत नाहीयेत.

मागच्या वेळी त्याला भेटायला जाताना दोन तास स्ट्रेटनर फिरवत बसले होते. ठाण्याला गाडीत चढले तेव्हा केस एकदम सरळ, भांडुप येईपर्यंत कपाळाजवळचे उठायला लागले आणि दादरला उतरले तेव्हा सगळेच फुगलेले. मग अख्खी संध्याकाळ हात केसातच. तो त्याच्या आईच्या ऑपरेशनबद्दल सांगत होता आणि माझं अर्धं लक्ष हॉटेलच्या काचेत, ते मला अजून लागून राहिलंय.

नंतर नीट वाचून काढलं. केसात केरॅटिन असतं, त्यातले हायड्रोजन बाँड पाण्याने सुटतात आणि केस वाळताना ज्या आकारात असतील त्या आकारात परत जुळतात. म्हणजे स्ट्रेटनर जे करतो ते पावसाळी हवा हळूहळू उलटवते. पण मग हेच आपल्या बाजूने का नाही वापरायचं, नाही का?

म्हणून काल संध्याकाळी केस धुतले, जवळजवळ वाळू दिले (आजीचा धाक, ओले बांधले की वास मारतात गं) आणि झोपताना तिने दोन सैल तीनपेडी वेण्या घालून दिल्या. आजीचे हात आता थरथरतात पण पेड एकसारखेच पडतात, मान सुद्धा वळवायची गरज नाही. सकाळी सोडल्या तर छान लाटा. कंगवा अजिबात लावला नाही, लावला की सगळं विस्कटतं, फक्त तळहातावर खोबरेलचे दोन थेंब चोळून टोकांना लावले आणि बोटांनीच विंचरले.

हाफ क्लचर लावून बघितला, पण गाडीत मागे टेकलं की तो डोक्यात रुततो. अंबाडा घातला तर आकडे टोचायला लागले. शेवटी एका खांद्यावर सैल वेणी, कानाजवळच्या दोन बटा मोकळ्या. रबर लावल्यावर खालून वर एकेक पेड बोटाने थोडा थोडा ओढून सैल करायचा, माझ्यासारख्या पातळ केसांची वेणीही भरीव दिसते, आणि लाटा असल्यामुळे निसटत नाही. बटा हवेने कुरळ्या झाल्या तरी काही बिघडत नाही, उलट छान वाटतात.

दादरला फुलवालीकडे सोनचाफा होता, एक फूल घेतलं आणि रबरापाशी खोचलं. पावसाळ्यात मला गजऱ्यापेक्षा हेच आवडतं, एकच फूल पण वास किती वेळ राहतो.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो, वारा होता, मध्येच सर आली म्हणून झाडाखाली पळालो. त्याच्या आई आता घरातल्या घरात चालतायत, परवा स्वतः चहा केला म्हणे. मी सगळं विचारलं, कोणता गुडघा, फिजिओ घरी येतो का, रात्री झोप लागते का. तो बराच वेळ बोलत होता. केसांना एकदाही हात लावला नाही, हे मला परतीच्या गाडीत आठवलं.

पुढच्या रविवारी बाईकवरून येऊरला जायचं म्हणतोय. हेल्मेट, म्हणजे वरची पोनी बाद, वेणी अगदी मानेजवळ घ्यावी लागेल आणि बटाही आत. आजीला उद्या पाचपेडी शिकवायला सांगते, तिला येते.