गॅरामाँडचा बारीक डोळा

रविवार कारंजाजवळ आमचं छपाईचं छोटं दुकान. इंग्रजी पत्रिकेला गिऱ्हाईक वेलबुट्टीचा फाँटच मागतं. मी गुपचूप गॅरामाँड लावून प्रूफ दाखवतो. सोळाव्या शतकात पॅरिसच्या क्लोद गॅरामाँने कोरलेल्या खिळ्यांवरून आलेलं हे वळण. 'ओ' जरा डावीकडे कललेला, जाड-बारीक रेघांत फार फरक नाही, जणू बोरूनेच लिहिलंय. पानभर मजकूर वाचला तरी डोळे शिणत नाहीत.

पण लहान 'ई'चा डोळा, म्हणजे वरची बंद पोकळी, अगदी एवढासा! परवा हातकागदावर स्क्रीन प्रिंटिंग होतं. हॉलचा पत्ता सात पॉइंटात, म्हणजे अगदी बारीक अक्षरांत घेतला आणि सोनेरी शाईने झाडून सगळे डोळे बुजवले. दोनशे पत्रिका पुन्हा काढल्या, अर्थात पदरमोड करून. आता नऊच्या खाली उतरत नाही.