माझ्या हातची केबल

नवी मुंबईतल्या एका विद्यापीठाच्या स्टुडिओत मी साउंड रेकॉर्डिंग शिकवतो. तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रत्येकानं चाळीस मिनिटांत ढोलकी रेकॉर्ड करून दाखवायची. वादक घणसोलीचे एक काका. भजनात, हळदीत, गणपतीत उभी हयात वाजवलेले. टेकच्या वेळी घरघर नको म्हणून एसी बंद, त्यात मे महिना. काका बनियनवर बसले होते, पण थाप एकही ढिली नाही.

ढोलकीला दोन तोंडं, म्हणून माइकही दोन. डाव्या पुडीवर थाप पडली की ती आत दबते आणि आतली हवा उजव्या पुडीला बाहेर ढकलते. म्हणजे एका माइकला ओढ, दुसऱ्याला धक्का. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. तिच्यापुढे हातभर ढोलकी कितीशी? दोन्ही माइक एकत्र केले की खर्ज खर्जाला खातो. म्हणून एका चॅनलचं फेजचं, म्हणजे लाट पालथी करणारं, बटण दाबायचं. हे मी दर वर्षी फळ्यावर लाटा काढून शिकवतो. जरा ऐटीतच.

उरण लोकलनं येणाऱ्या एका मुलीनं ते दाबलंच नव्हतं. मी शीटवर चार गुण कापले आणि मग कारण विचारलं. क्रम चुकला, पण तसंच झालं.

"सर, दाबलं की धुम जाते."

"जात नाही, येते. नीट ऐक."

मी स्वतः मोनो करून, म्हणजे दोन्ही माइक एकत्र करून, बटण दाबलं. धुम गेली. पत्र्याच्या डब्यावर टिचक्या मारल्यासारखी टकटक तेवढी उरली. बटण सोडलं, धुम हजर. मागच्या बाकावरची पाच पोरं छताकडे बघत होती. मग मास्तर करतात तेच मी केलं, व्याख्यान सुरू केलं. माइकचं अंतर, खोलीचे कोपरे, उभ्या लाटा...

टॉकबॅक, म्हणजे आमचं बोलणं आत वादकाला ऐकवणारा माइक, चालूच राहिला होता. आतून काका म्हणाले, "सर, वायर उलटी नाय ना?"

मंडळाच्या दोन बॉक्सपैकी एकाची लाल-काळी वायर उलटी लागली की मध्ये उभं राहिलं तर बेस गायब होतो, हे त्यांना पाठ. गावातली पोरं म्हणे स्पीकरला साधा सेल टेकवून बघतात. पडदा बाहेर आला तर सरळ, आत गेला तर उलटी. मी हसून म्हटलं, "काका, इथल्या केबली तपासलेल्या असतात." खरं तर तसं काही नव्हतं.

तोवर मुलीनं उजव्या माइकची केबल बदलली होती. आता बटण दाबलं तर धुम आली, भरघोस.

काढलेल्या केबलला मल्टिमीटर लावला. एका टोकाची २ नंबरची पिन दुसऱ्या टोकाच्या ३ नंबरवर बीप देत होती. १ नंबर अर्थिंगची, ती बरोबर. २ आणि ३ वरून एकच आवाज सुलट-उलट जातो. त्यांची अदलाबदल झाली तर लाट नुसती पालथी होते. एकट्या माइकवर गायक गाऊन जाईल, कुणाच्या कानाला कळणार नाही. जोडीला दुसरा माइक आला की मगच भांडण. म्हणून तर ही केबल इतके महिने निर्धास्त पडून होती.

कनेक्टरपाशी हिरवी टेप होती, तिच्यावर दिवाळीच्या सुट्टीतली तारीख आणि माझी आद्याक्षरं. सोल्डरिंग मीच केलं होतं, चष्मा घरी विसरून.

मुलीचे चार गुण परत दिले. ती 'थँक्यू सर' म्हणाली, ते फार टोचलं. जानेवारीतल्या सरावाच्या शीट काढून पाहिल्या. दोन मुलांच्या पोकळ ढोलकीवर मी शेरा मारला होता, 'ऐकण्याकडे लक्ष नाही'. त्यांच्या फायली उघडून उजवा ट्रॅक उलटा केला. दोन्ही ढोलक्या ठणठणीत. गुण सुधारायला परीक्षा विभागाचा अर्ज भरावा लागला. 'चूक कोणाची' या रकान्यात नाव लिहिलं.

संध्याकाळी काका ढोलकी गवसणीत घालून निघाले. "सेल ठेवा एखादा खिशात," जाता जाता म्हणाले. आम्ही सगळ्या केबली जमिनीवर पसरून बीप बीप करत बसलो. आणखी एक उलटी निघाली. तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं, पण टेप हिरवीच होती.