आमची वाटचाल : पाटीवरचं साल

सातपुड्यातल्या आमच्या तोरणमाळला आलात की एक मोठी पाटी दिसेल. 'स्थापना 1957. सर्वांत जुने लॉज व किराणा.' ती पाटी आमची नव्हे. आमच्या लॉज-किराण्याची समोरची, पत्र्याची, कोपरा गंजलेली. तिच्यावर साल नाही. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, साल वहीत लिहायचं असतं. वही आमच्याकडे आहे, पण गिऱ्हाईक वही वाचत नाही, पाटी वाचतं. मागे एक पोरगा गावातल्या जुन्या दुकानांची माहिती गोळा करायला आला होता. त्याने समोर चहा घेतला, समोरचंच लिहून घेतलं आणि दुपारच्या गाडीने शहाद्याला उतरला. आमच्या ओट्यावर त्याने चप्पलसुद्धा काढली नाही. म्हणून आता मीच लिहितो.

1957 हे साल खरं आहे, तेवढं कबूल करतो. नवे पैसे निघाले ते साल. रुपयाचे शंभर झाले, पण लोकांच्या डोक्यात सोळा आणेच होते. आण्याचे सहा नवे पैसे धरायचे, मग चार आण्यांचे चोवीस का नाही, पंचवीस का, यावर आबांनी वर्षभर भांडणं ऐकली. आबांनी दुकान काढलं ते त्याच साली. दुकान म्हणजे कुडाची भिंत, वर गवत आणि आत मीठ, गूळ, रॉकेल, तंबाखू, सुकी मिरची, लुगडी. म्हसावदपर्यंत माल बैलगाडीने यायचा, पुढे घोड्यावर नाहीतर डोक्यावर. मिठाचं पोतं पावसात चढवलं की वर पोचेपर्यंत पाच-सहा शेर वाटेतच गळायचं. ती घट कोणाच्या माथी मारायची, हा या धंद्यातला पहिला प्रश्न.

भागीदार होते आप्पा. शहाद्याकडचेच, आबांच्या बरोबरीचे. पैसा निम्मा त्यांचा, अंगमेहनत सगळी आबांची. लिहिणं-वाचणं आप्पांना चांगलं जमायचं, म्हणून रोजकीर्द आणि खतावणी त्यांच्याकडे. माल उचलायच्या पेढीवरचं खातंही त्यांच्या नावावर, कारण पेढीवाले त्यांचे सोयरे. आबांना यात काही वावगं वाटलं नाही. भागीदारी करणाऱ्या नव्या पोरांना मी फुकट सांगतो, घ्या नाहीतर सोडा: पेढीवर दोघांची नावं घाला. माल कोणाच्या नावाने उचलतो, त्याचं दुकान असतं.

आता दगडाची गोष्ट. मला खरं तर तीच सांगायची आहे.

दुकान सुरू झालं त्याच वर्षी खालच्या पाड्यावरचा एक पावरा आदिवासी म्हातारा आला. तेव्हा म्हातारा नव्हता, पण मी पाहिलं ते म्हातारपणीच, म्हणून म्हातारा म्हणतो. आबा त्याला बाबा म्हणायचे, तो आबांना शेठ. त्याने आमचूर आणला होता. कैरी सोलून, फोडी करून वाळवलेला, पांढराशुभ्र, एकही फोड काळी नाही. आमचुराचा ज्यांना अनुभव आहे त्यांना कळेल, एप्रिलच्या उन्हात वाळत घातलेल्या मालावर एक वळीव पडला की अर्धा भाव गेला. लोखंडी सुरी लागली तरी डाग पडतो. याचा माल तसा नव्हता. पैसे घेऊन झाल्यावर त्याने कमरेचं फडकं सोडलं आणि एक काळा गोटा काढून पारड्यात ठेवला. म्हणाला, शेठ, दुसरीकडे तुझा शेर ठेव. आबांनी ठेवला. गोटा जड निघाला. तो बाहेर गेला, दुसऱ्या दगडावर ठोकून त्याच्या कपच्या काढल्या, परत आला. असं तीनदा. शेवटी काटा मधे उभा राहिला. मग गोटा फडक्यात बांधला आणि निघून गेला.

त्यानंतर दर बाजाराला तो आला की आधी दगड, मग मीठ. आबा हसायचे. आप्पांना राग यायचा. म्हणायचे, हा आपल्याला चोर समजतो.

1962 च्या एप्रिलपासून किलो सक्तीचा झाला. जुनी गोल वजनं गेली, षटकोनी लोखंडी वजनं आली. 80 तोळ्यांचा शेर म्हणजे 933 ग्रॅम, किलो त्याच्याहून 67 ग्रॅम जास्त. म्हणजे किलोचं वजन एका पारड्यात आणि बाबाचा दगड दुसऱ्या पारड्यात ठेवला तर किलोचं पारडं दणकन खाली बसायला हवं. एका बाजाराला आबा शहाद्याला गेले होते, काट्यावर आप्पा होते. बाबाने नेहमीप्रमाणे दगड ठेवला. काटा मधे उभा. तो काही बोलला नाही, मीठही घेतलं नाही. पुढच्या बाजाराला आबा असताना आला आणि म्हणाला, शेठ, तुझा किलो आणि माझा दगड भाऊ-भाऊ झाले.

आबांनी वजन उलटं केलं. वजनाच्या पोटात खळगा असतो, त्यात शिसं ओतलेलं असतं आणि निरीक्षकाचा ठसा त्या शिशावरच असतो. आमच्या किलोच्या खळग्यात लाख भरली होती, वरून काजळ चोळलेलं. शिसं काढून घेतलेलं. शिसं गेलं की ठसाही गेला, म्हणून वजन नेहमी उलटं करून बघा, हेही फुकट सांगतो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर विसंबलेल्या आजच्या पोरांना तर दोनदा सांगतो. दुसरं एक चांगलं किलो पेटीत ठेवलेलं होतं, ठशासकट. ते आमचूर आणि चारोळी विकत घेताना निघायचं. विकायचं वजन वेगळं, घ्यायचं वेगळं.

आप्पांचं म्हणणं मी आईकडून ऐकलंय. ते म्हणाले, यात लुटलं कुठे? पूर्वी मिळायचं तेवढंच मीठ आजही मिळतंय. आबा म्हणाले, भाव किलोचा घेतला ना? त्यावर आप्पा गप्प. एवढंच झालं, आरडाओरडा नाही. दिवाळीच्या वहीपूजनाला दोघं शेजारी बसले, पूजा झाली, आणि दुसऱ्या दिवशी आप्पांनी आपला हिस्सा मागितला.

हिस्सा म्हणजे माल. पैसा रोख नव्हताच. आमच्या गोदामातून पंचवीस-तीस पोती निघाली ती मला आठवतात. मी आठ वर्षांचा असेन, एकेक पोतं गेलं की भिंतीचा तेवढा तुकडा मोकळा दिसायचा. पेढीवर आबा गेले तर तिथे सांगितलं, खातं तुमच्या नावाने नाही. दोन महिन्यांत समोर आप्पांनी गाळा घातला. महाशिवरात्र तोंडावर आली होती.

तोरणमाळच्या दुकानदाराला महाशिवरात्र म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. गोरखनाथाच्या यात्रेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात तिन्हीकडून माणूस चढतो. पूर्वी तर बहुतेक पायीच. सातपायरी घाट चढून आलेला माणूस नारळ, गूळ, विडी, चहा घेतोच घेतो. त्या दोन-तीन दिवसांच्या गल्ल्यावर पावसाळ्याचा माल भरायचा, हे वर्षाचं गणित. आणि आमच्या दुकानात विकायला होतं काय? अर्धं पोतं मीठ, थोडं रॉकेल आणि रिकामं गोदाम. समोर आप्पांच्या गाळ्याला तोरण, पेट्रोमॅक्सच्या दोन बत्त्या. आमच्याकडे एक कंदील, त्याचीही काच तडकलेली.

समोरची पाटी 'सर्वांत जुने लॉज' म्हणते ना? मग पहिलं लॉज कोणी काढलं, ते ऐका. आईने काढलं. संध्याकाळी तलावाकडून वारा सुटला, आमच्या ओट्यावर बायका पोरांना पोटाशी घेऊन कुडकुडत बसल्या होत्या. आई आबांना म्हणाली, पोती नाहीत तर माणसं ठेवा. घरातली होती नव्हती ती गोणपाटं गोदामात अंथरली, पांघरायला गोधड्या दिल्या. एका माणसाचे पंचवीस पैसे, मूल फुकट. आणि तिच्या आंदणात आलेला तांब्याचा बंब तिने अंगणात मांडला.

त्या बंबाबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पाच बादल्यांचा होता, पितळी तोटी, खाली राखेची जाळी. मधल्या नळीत लाकडाचे तुकडे घालायचे, वरून गार पाणी ओतत राहायचं आणि खालून गरम काढत राहायचं. रिकामा बंब कधी पेटवायचा नाही. नळीचा डाख सुटतो आणि मग कितीही पैसे टाका, ती ठिबकतच राहते. ओलं लाकूड घातलं तर धूर पाण्याला लागतो. पहाटे तीनला आई उठायची. नाथाच्या दर्शनाआधी अंघोळ हवी आणि तलावाचं पाणी बर्फ. बादलीला दहा पैसे. रांग आप्पांच्या दारापर्यंत गेली होती. हे मी स्वतः पाहिलंय, ऐकीव नाही. त्या बंबाच्या पैशांतून आबांनी शहाद्याच्या दुसऱ्या पेढीवर रोखीने माल उचलला.

समोरच्यांनी खोल्या बांधल्या त्या पुढे दोन वर्षांनी. आमच्या वहीत त्या पहिल्या रात्रीची नोंद आहे: 'गोदामात मुक्काम, 41 असामी'. पाटीवर '1957' लिहिलंय ते किराण्याचं साल, आणि त्या किराण्यात आप्पा अर्धे होते, म्हणून सरळ खोटं म्हणता येत नाही. हेच तर दुखणं आहे. खोटं असतं तर मी केव्हाच पाटी उतरवायला लावली असती.

पुढची वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. 1972 चा दुष्काळ झाला. त्याच सुमारास खाली शहाद्याकडे आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांची चळवळ चालली होती, मजुरी आणि जमिनीसाठी. बाजाराला आलेली माणसं आता वजन बघून माल घ्यायला लागली. आमच्याकडे वजन उलटं करून दाखवायची रीत आधीच पडली होती, आम्हाला काही बदलावं लागलं नाही. 1974 च्या कायद्यानंतर आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येईना, त्यामुळे वर कोणी बंगले बांधले नाहीत. ते बरंच झालं. 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि धुळ्याच्या फेऱ्या वाचल्या.

उधारीबद्दल एक सांगतो. पाड्यावरच्या माणसाची उधारी होळीला फिटते, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात नवी कापडं घ्यायच्या आधी तो जुनं देणं टाकतो. बुडाली ती नोकरदारांची. बदलीवर आलेल्या माणसाला साखर-चहापत्तीच्या वर उधार देऊ नका. सामान टेम्पोत चढलं की तुमची वही त्याला दिसत नाही. आमच्या वहीत अशी सोळा नावं आहेत, मी छापणार नाही.

पावसाळ्यात घाटात दरड आली की सगळं बंद. एका पावसाळ्यात अकरा दिवस गाडी नव्हती. लॉजमध्ये अडकलेल्यांना कळण्याची भाकरी आणि ठेचा एवढंच देत होतो. समोरच्यांनी दुसऱ्या दिवशीच शटर ओढलं. पाटीवर हेही लिहायला हरकत नव्हती.

टाळेबंदीत सगळ्यांसारखंच झालं. आता मुलगा बघतो. खोल्या आठ, त्यांतल्या चारांत गीझर. बंब माळ्यावर आहे. तोटी चोरीला गेली. पाहुणा आला की मुलगा आधार कार्ड मागतो, आणि मी प्रत्येकाला सांगतो की देशातलं पहिलं आधार आमच्या जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, टेंभलीत दिलं गेलं, 29 सप्टेंबर 2010 ला. पाहुण्यांना त्याचं काही नसतं. त्यांना वायफाय हवं असतं.

बाबा शेवटपर्यंत येत राहिला. लोक म्हणतात, तुमच्यावर त्याचा किती विश्वास! कसला विश्वास. शेवटच्या बाजारालाही त्याने फडकं सोडलं, दगड पारड्यात ठेवला, किलोचं पारडं खाली गेलेलं बघितलं, मगच मीठ घेतलं. आबांनी एकदा म्हटलं होतं, बाबा, आता तरी दगड घरी ठेव. तो म्हणाला, दगड माझा, काटा तुझा. ज्याचं त्याच्याजवळ राहू दे.

मागच्या वर्षी मी त्याच्या पाड्यावर गेलो. नातू आश्रमशाळेत शिक्षक आहे. दगडाचं विचारलं तर त्याच्या आईने आतून आणून दाखवला. चटणी वाटायला वापरतात, एका बाजूने गुळगुळीत झालाय आणि मिरचीचा वास येतो. विकत मागायचं मनात होतं, तोंडाने म्हटलं, एक दिवसासाठी द्या. घरी येऊन इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. 914 ग्रॅम. दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिला.