किलोवर घेतलेलं प्रेशर वॉशर

२०२१ च्या जुलैमधला पूर ओसरला आणि कोल्हापुरातल्या भंगारवाल्यांकडे यंत्रांचे ढीग लागले. मिक्सर, पाणबुडी मोटारी, वॉशिंग मशीन, पिठाच्या गिरण्यांच्या मोटारी, सगळं गाळानं माखलेलं. शिवाजी उद्यमनगरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्या दिवसांत आम्हाला जेवायला फुरसत नव्हती. अशा गर्दीत शिरोळ तालुक्यातला एक पोरगा पोत्यात गुंडाळलेलं प्रेशर वॉशर, म्हणजे जोराच्या धारेनं धुवायचं मशीन, घेऊन आला. भंगारातून किलोवर घेतलेलं.

"मामा, हे चालू हुईल का? गोठा धुवायचाय. भिंतीला कंबरंएवढा गाळ बसलाय, खराट्यानं निघंना."

त्या भागात पंचगंगा कृष्णेला मिळते, त्यामुळे पाणी चढतं तसं लवकर उतरत नाही. तोवर गाळ भिंतीत आणि गव्हाणीच्या फटींत घट्ट बसतो. याची जनावरं पाहुण्यांच्या दावणीला होती आणि नवीन मशीनचे पैसे नव्हते. मी बाकीची कामं बाजूला सारली ती एवढ्यासाठीच.

मी आधी विचारलं, "प्लगला लावून बघितलंस का?" नाही म्हणाला. तिथंच मला आशा वाटली. पुरात बुडालेली मोटार ओली असते, जळालेली नसते. लोक "बघूया तरी" म्हणून बटण दाबतात आणि ओल्या वाइंडिंगमधून, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांतून, करंट गेला की ती जळते. भंगारात गेलेल्या कितीतरी चांगल्या मोटारी अशा फुकट मेल्या, याचं मला आजही वाईट वाटतं.

वाइंडिंगमधून करंट गळतोय का हे मोजणारा मेगर लावला तर काटा शून्यावर. मोटार खोलली, गाळ स्वच्छ पाण्यानं धुऊन काढला आणि रात्रभर शंभरच्या बल्बखाली ठेवली. सकाळी पाच मेगोहम दाखवत होती. एक मेगोहमच्या खाली असेल तर मी कुठल्याच मोटारीला वीज देत नाही. दोन्ही बेअरिंगांत वाळू करकरत होती, ती बदलली. बेअरिंगच्या अंगावर ६२०१, ६२०२ असा नंबर कोरलेला असतो, तो सांगितला की झालं. मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन झिजून गेले होते. ग्राइंडरचे थोडे मोठे कार्बन पडून होते, ते पॉलिश पेपरवर घासून होल्डरमध्ये सैल सरकतील एवढे केले. कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरनं उजळला आणि पट्ट्यांमधल्या खाचा हॅक्सॉच्या तुटक्या पात्यानं कोरून साफ केल्या. कम्युटेटरला एमरी पेपर लावू नये, तिची भुकटी खाचेत बसून ठिणग्या पाडते.

खरं काम पंपात होतं. अ‍ॅलन कीनं हेड सोडवलं तर आतलं ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. म्हणजे पिस्टनभोवतीचे, पाणी अडवणारे सील गेले आणि पाणी ऑइलमध्ये शिरलं. तीन पिस्टनपैकी दोन चकचकीत होते. तिसऱ्यावर उभी रेघ होती, पण नखाला अडकत नव्हती. अडकली असती तर पिस्टन टाकून द्यावा लागला असता. दोन हजार नंबरच्या पेपरला ऑइल लावून फिरवत फिरवत ती घालवली.

मशीनचं स्टिकर धुऊन गेलेलं, कंपनी कळायला मार्ग नव्हता. पोराचा चेहरा पडला, "मग सील कुठं मिळणार?" मी माप घ्यायचा व्हर्नियर काढला. पिस्टन १२ मिलिमीटर, खाच २० ची, उंची ५. सीलच्या दुकानात मशीनचं नाव सांगितलं तर दुकानदार हात वर करतो, माप सांगितलं तर डबा काढतो. त्यानं तीन यू-सील आणि नायट्राइल रबराच्या ओ-रिंगा, म्हणजे गोल कड्या, काउंटरवर ठेवल्या. किटच्या नावाखाली जे दामदुप्पट विकतात, ते बहुतेक हेच असतं.

दुपारी जोडणी झाली, नवीन ऑइल भरलं, बादलीतून पाणी दिलं. धार आली, पण दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा ५० आणि ७० बारच्या मध्ये थरथरत होता. काटा असा नाचतो तेव्हा तीनपैकी एक सिलिंडर पाणी ढकलत नसतो. सहाही व्हॉल्व्ह, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचे दोन, काढून भिंगाखाली धरले. एका आउटलेट व्हॉल्व्हच्या प्लास्टिकच्या टोपीला केसाएवढी चीर होती, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. मेलेल्या पंपांचं सामान मी एका क्रेटमध्ये ठेवतो. त्यात त्याच आट्यांचा व्हॉल्व्ह सापडला. तो बसवला आणि काटा ९० वर जाऊन गपगार उभा राहिला. ट्रिगर सोडला की मोटार आपोआप थांबली. ती मधेच आपली आपण सुरू होत नाही ना, हे मी पाच मिनिटं उभा राहून बघितलं. तसं झालं असतं तर दाब आत कुठंतरी गळतोय असा अर्थ.

मग वाद झाला तो होजवरून, म्हणजे दाबाचं पाणी नेणाऱ्या पाइपावरून. जुन्या होजला मधे फुगवटा आला होता.

"क्लिप मारून भागवूया की मामा."

"क्लिप बागेतल्या पाइपाला. ही नाही."

नव्वद बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला नव्वद किलोच्या वर जोर. होज फुटून बारीक धार कातडीत घुसली तर वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत हात सडतो. अशा जखमेला मलमपट्टी करत बसायचं नसतं, थेट ऑपरेशनच्या दवाखान्यात जायचं. हे मी त्याला हात धरून सांगितलं. शेजारच्या हायड्रॉलिकवाल्याकडून तारेच्या जाळीचा नवा होज कापून, टोकं प्रेस करून आणली. बेअरिंग, सील, ओ-रिंगा, ऑइल मिळून पाचशेच्या आसपास गेले होते, एकट्या होजला नऊशे लागले. पोरगा कुरकुरला, पण दिले. तीन पिनांचा प्लग आणि गोठ्यातल्या बोर्डावर करंट गळाला की वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवशील, असा शब्दही घेतला. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहणारा माणूस आहे तो. मजुरीचं म्हणाल तर दूध सुरू झाल्यावर दे म्हटलं.

आठवड्यानं फोन आला. भिंती स्वच्छ निघाल्या होत्या आणि म्हशी परत दावणीला आल्या होत्या. "म्हशी पण ह्यानंच धुऊ का?" असं विचारत होता. मुळीच नाही म्हणालो, कासेला ती धार लागली तर मोठी इजा व्हायची. जनावराला साधा पाइपच लाव.

त्याच्या गावातून पुढं आणखी दोन मशीन आली. एकाचे फक्त सील गेले होते, संध्याकाळी चालू करून दिलं. दुसऱ्याचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड तडकलेलं होतं आणि कुणीतरी त्यावर एम-सील थापलं होतं. ते मी जोडलं नाही. मोटार, बेअरिंग आणि चांगले व्हॉल्व्ह काढून घेतले, त्यांचे पैसे मालकाला दिले आणि सगळं क्रेटमध्ये टाकलं.